लाकडी आहे, पण वर लावलंय काय?

घरात बाळ येणार असलं की पाळणा, खुळखुळे, छोटं कपाट, खोलीचा रंग अशी खरेदी सुरू होते, आणि दुकानात उभं राहिल्यावर हमखास एक प्रश्न निघतो : लाकडी घ्यावं की प्लास्टिकचं? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच असतं. लाकूड झाडापासून येतं म्हणून चांगलं, प्लास्टिक कारखान्यातून येतं म्हणून वाईट. विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असल्यामुळे ‘नैसर्गिक’, ‘इको’, ‘पर्यावरणपूरक’ अशा चिठ्ठ्या आता खेळण्यांपासून पडद्यांपर्यंत सगळ्यावर दिसतात. पण वस्तू कशाची आहे एवढं कळून भागत नाही. तिच्यावर काय लावलंय, ती कशाने चिकटवली आहे आणि ती किती वर्षं वापरात राहणार आहे, हे तिन्ही कळल्याशिवाय त्या चिठ्ठीला काही अर्थ नाही. यातला पहिला प्रश्न मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच दुकानात सर्वांत कमी विचारला जातो.

१. अंग आणि थर

कुठल्याही खेळण्याचे किंवा फर्निचरचे दोन भाग धरू. एक त्याचं अंग, म्हणजे लाकूड, बांबू, कापूस किंवा प्लास्टिक. दुसरा त्यावरचा थर, म्हणजे रंग, पॉलिश, वार्निश. वजनाने थर अगदी नगण्य असतो, पण बाळ चाटतं तो थर, हाताला घासून येतो तो थर आणि वास येतो तोही बहुधा थराचाच. भाजी शेतातली ताजी असली तरी फोडणीचं तेल खवट निघालं की अख्खी कढई वाया जाते, तसंच इथे होतं. उत्तम लाकडाच्या घोड्यावर भलता रंग बसला, तर त्या लाकडाचा चांगुलपणा मुलापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आधी रंगाकडे पाहू.

२. पिवळा इतका पिवळाधमक कशाने होतो?

रंगात शिसं घालण्याची पद्धत जुनी आहे आणि त्यामागे व्यवहारी कारणं आहेत. शिशाचे काही क्षार रंग पटकन सुकवतात, काही त्याला उन्हापाण्यात टिकवतात, आणि लेड क्रोमेटसारखे क्षार पिवळ्या-नारिंगी छटा झळझळीत करतात. अडचण अशी की शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक नीट ओळखता येत नाही. वाढत्या मुलाचं शरीर कॅल्शियमसाठी आसुसलेलं असतं, त्यामुळे पोटात गेलेल्या शिशाचा जो वाटा मोठ्या माणसाचं शरीर शोषून घेतं, त्याच्या चार-पाच पट वाटा लहान मूल शोषून घेतं. तिथून ते मेंदूपर्यंत जातं आणि हाडांत साठतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच ज्ञात नाही.

भारतात याबद्दलचा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये, असं तो सांगतो. ९० पीपीएम म्हणजे एक किलो सुक्या रंगात ९० मिलिग्रॅम. आकडा हाताशी यावा म्हणून एक हिशेब करू. मुलाने खेळण्याच्या कडेचा रंग दातांनी खरवडला आणि त्यातला ग्रॅमचा दहावा भाग पोटात गेला असं धरा. रंग नियमात बसणारा असेल तर त्यातून जास्तीत जास्त ९ मायक्रोग्रॅम शिसं गेलं. त्याच रंगात एक टक्का शिसं असेल, तर तेवढ्याच टवक्यातून १००० मायक्रोग्रॅम गेलं. टवका तोच, मूल तेच, आणि फरक शंभर पटींहून अधिक. डोळ्यांना मात्र दोन्ही पिवळे सारखेच दिसतात.

या धोक्याला लाकूड-प्लास्टिक असा भेद नाही, हे २००७ साली साऱ्या जगाला दिसलं. मॅटेल या बड्या कंपनीला रंगातल्या शिशामुळे चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी बाजारातून परत मागवावी लागली. ती बहुतेक प्लास्टिकची होती, पण दोष प्लास्टिकात नव्हता. त्यानंतर अमेरिकेने कायदा कडक करून रंगातल्या शिशाची मर्यादा ६०० पीपीएमवरून ९० वर आणली. आपला नियम चांगला असला तरी तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. यंत्रांसाठी आणि लोखंडी कामासाठी विकला जाणारा रंग त्यात येत नाही, आणि छोट्या कारखान्यात हाताशी असलेला तोच डबा खेळण्याला लागू शकतो. म्हणूनच रंगवलेली वस्तू घेताना ‘रंग कुठला?’ हे विचारायला संकोच वाटू देऊ नये.

३. लाख : झाडावर पिकणारा थर

मग थर असावा तरी कशाचा? याचं एक फार सुंदर उत्तर आपल्याकडे शतकानुशतकं वापरात आहे, ते म्हणजे लाख. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची किड्याची पिल्लं बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळ सोडत राहतात. हजारो किड्यांची राळ एकत्र होऊन फांदीवर खरबरीत, तांबूस कवच चढतं. पळस-बोरावरच्या किड्याला रंगीनी म्हणतात आणि कुसुमावरच्याला कुसुमी. झारखंड आणि छत्तीसगड ही याची मोठी क्षेत्रं, पण आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडेही लाख पिकते. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये खास संस्था स्थापन झाली, इतका हा माल मोलाचा होता. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत, आणि औषधी गोळ्यांना व मिठाईला चकाकी आणायला शुद्ध केलेली लाख आजही वापरतात. जे गोळीवर चालतं ते खुळखुळ्यावर चालायला हरकत नाही, हे ओघानेच आलं.

पर्यावरणाच्या बाजूने लाखेची खरी थोरवी मात्र वेगळी आहे. ती मिळवायला झाड तोडावं लागत नाही. फांद्या छाटाव्या लागतात आणि झाड पुन्हा फुटतं. उलट लाख विकली जाते तोवर बांधावरचा पळस जळणात न घालता राखण्याचं कारण शेतकऱ्याला मिळतं. लाख काढताना किडे मरतात, हा आक्षेप खरा आहे. प्राणिज काहीच नको असं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांनी लाख टाळावी आणि तेल लावलेलं साधं लाकूड घ्यावं. बाकीच्यांनी तिची तुलना ज्याच्याशी करायची तो पर्याय म्हणजे खनिज तेलापासून बनणारा आणि सुकताना द्रावक हवेत सोडणारा रंग, हे ध्यानात ठेवावं.

ती लाकडावर चढते कशी, हे पाहण्यासारखं आहे. कर्नाटकातलं चन्नपटण आणि आंध्रातलं एटिकोप्पाका ही या कामाची दोन नामांकित गावं, आणि दोन्हीकडे लाकूड एकाच झाडाचं, आपल्या काळ्या कुड्याचं. ते पांढरट, बारीक रेषांचं आणि कातायला मऊ असतं, आणि पुरेसं वाळवूनच लेथवर घ्यावं लागतं, नाहीतर पुढे थर तडकतो. तुकडा गरगर फिरत असताना कारागीर हत्याराने त्याला आकार देतो आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करतो. मग रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतो. घर्षणाची उष्णता लाख वितळवते आणि पाहता पाहता रंगाचा पट्टा लाकडावर पसरतो. शेवटी केवड्याच्या सुक्या पानाची घडी त्यावर दाबली की थर एकसारखा होतो आणि आरशासारखी चमक येते. या साऱ्या कामात ब्रश नाही, थिनर नाही आणि सुकण्याची वाट पाहणंही नाही. उडून जाण्यासारखं काही वापरलेलंच नसल्यामुळे या खेळण्याला वास येत नाही. एटिकोप्पाक्याच्या कारागिरांनी हळद, नीळ, शेंद्री यांसारखे वनस्पतिज रंगही पुन्हा वापरात आणले. पण कांडीत मिसळलेला प्रत्येक रंग वनस्पतिजच असेल असं गृहीत धरू नये. लाख चांगली असली तरी तिच्यात काय कालवलं, हा प्रश्न उरतोच.

आणि सगळीच लाकडी खेळणी लाखेची नसतात. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं हाताने रंगवलेली असतात. आंबा, फणस, सीताफळ इतकं हुबेहूब की हात पुढे जावा. दिवाणखान्याच्या शोभेसाठी त्यांच्याइतकी देखणी, टिकाऊ वस्तू शोधून सापडणार नाही. पण तेच फळ दात येऊ लागलेल्या बाळाच्या हाती द्यायचं असेल, तर रंग कोणता आणि वर वार्निश कसलं, ही चौकशी आधी व्हायला हवी. वस्तू तीच असली तरी ती कपाटात राहणार की तोंडात जाणार, यावर तिची कसोटी बदलते.

लाखेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ती उष्णतेने मऊ पडते, गरम पेल्याखाली तिच्यावर पांढरं वर्तुळ उमटतं, आणि स्पिरिटमध्ये ती चक्क विरघळते. सुताराचं चपड्याचं पॉलिश याच गुणावर चालतं. म्हणून लाखेच्या खेळण्यावर कधीही सॅनिटायझर फवारू नये, थर चिकट होऊन हाताला लागतो. किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करावं, एवढं पुरतं.

४. नव्या कपाटाचा वास

फर्निचरमध्ये थराइतकाच डिंक महत्त्वाचा ठरतो. आज ‘लाकडी’ म्हणून विकलं जाणारं बरंचसं सामान पार्टिकल बोर्डचं किंवा एमडीएफचं असतं, म्हणजे लाकडाचा भुसा नाहीतर तंतू डिंकात कालवून दाबलेले तक्ते. स्वस्तातला डिंक युरिया आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून बनतो, आणि तो महिनोन् महिने थोडं थोडं फॉर्मल्डिहाइड हवेत सोडत राहतो. नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात आणि घसा खवखवतो त्याला हेच कारण असू शकतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. घरातल्या हवेत त्याचं प्रमाण घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. उष्णता आणि दमटपणा वाढला की तक्ता जास्त वायू सोडतो, त्यामुळे मुंबई-कोकणातल्या बंद खोलीत ही गोष्ट अधिक मनावर घ्यायला हवी.

यावर तोडगे आहेत आणि ते महाग नाहीत. तक्ता घेताना ई१ किंवा ई० ही कमी वायू सोडणारी प्रत मागावी. प्लायवूडमध्ये मरीन प्रकाराला फिनॉलचा डिंक असतो, आणि तो युरियाच्या डिंकापेक्षा कितीतरी कमी फॉर्मल्डिहाइड सोडतो. सनमायका फक्त दर्शनी बाजूला लावून मागची बाजू, कापलेल्या कडा आणि फळ्यांच्या खुंट्यांसाठी पाडलेली भोकं उघडी ठेवण्याची सवय सर्रास आहे, आणि वायू तिथूनच बाहेर येतो. सुतार घरात असतानाच त्याच्याकडून या जागा बंद करून घ्याव्यात. पॉलिश निवडतानाही हे भान हवं, कारण मेलामाइन पॉलिश सुकताना हाच वायू सोडतं. बाळाची खोली बाळ यायच्या दोन-तीन महिने आधी तयार करून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हा सल्ला साधा वाटला तरी त्याने फार फरक पडतो.

५. बांबूची चादर

बांबू झपाट्याने वाढतो, कापला तरी पुन्हा फुटतो, फवारणी फारशी मागत नाही. टोपल्या, सुपं, खुर्च्या, पडदे यांच्यासाठी त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. पण ‘बांबूची मऊ चादर’ म्हणून जे विकतात ते बहुधा व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा तीव्र रसायनांत विरघळवून त्यातून नवा धागा ओढलेला असतो, आणि त्यातलं कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला अपाय करतं. त्या धाग्यात बांबूचा गुण म्हणून काही उरत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत वॉलमार्ट आणि कोल्स या दोन दुकानसाखळ्यांना अशा मालाला बांबूचा म्हटल्याबद्दल मिळून ५५ लाख डॉलर भरावे लागले. मुलांच्या ‘बांबूच्या’ ताटल्या-पेल्यांचीही तीच गत. त्यांतल्या अनेक वस्तू म्हणजे मेलामाइन प्लास्टिकमध्ये मिसळलेली बांबूची पूड असते आणि गरम पदार्थ घातला की त्यातून मेलामाइन व फॉर्मल्डिहाइड पाझरू शकतं. युरोपीय संघाने २०२१ मध्ये या मालाविरुद्ध मोहीमच हाती घेतली. अंगाबद्दल चिठ्ठीने अर्धसत्य सांगितलं की काय होतं, त्याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

६. वर्षांनी भागायचं

आता तिसरा प्रश्न, आयुष्याचा. कुठलीही वस्तू बनवायला निसर्गाकडून काही घ्यावंच लागतं. सेंद्रिय, नैसर्गिक, हातमागाची, कशीही असली तरी. एक किलो कापसाचं कापड तयार होईपर्यंत जगभरच्या सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं. विदर्भातला कापूस बव्हंशी पावसावर येतो हे खरं, पण जमीन आणि खत तर लागतंच. समजा एक किलोची चादर दोन वर्षांत कंटाळा आला म्हणून टाकली, तर वर्षाला ५००० लिटर पडलं. तीच दहा वर्षं वापरली तर १०००. सेंद्रिय कापसाचे अभ्रे दर दिवाळीला बदलणाऱ्या घरापेक्षा साधे अभ्रे विरेपर्यंत वापरून त्यांची पायपुसणी करणारं घर निसर्गाला हलकं पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. सजावटीच्या बाजाराला हे रुचणार नाही, कारण तो ऋतूगणिक नव्या रंगसंगतीवर चालतो.

आयुष्य वाढायचं तर वस्तू उकलता आणि दुरुस्त करता यायला हवी. कापसाची गादी दबली की पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यायचा, नवी खोळ शिवायची, की गादी पुन्हा उभी. फोमची गादी खचली की तिचं काही करता येत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी तर फेकण्याच्या वाटेवरच्या कापडाला आणखी कितीतरी वर्षं देते. लाकडी गाडीचं चाक निखळलं तर नवा कणा ठोकून ती चालू होते, पण बॅटरीच्या बंद खोक्यातली मोटार जळली की प्लास्टिक, तार, धातू, रंग असा सगळा एकजीव कचरा होतो, आणि भंगारवालाही तो घेत नाही.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप पैशाचा. हातकामाची लाखेची खेळणी महाग पडतात. खरं आहे, आणि कारागिराच्या श्रमाचा दाम म्हणून ते योग्यही आहे. पण मुलाला डझनभर खेळणी लागत नाहीत. सुताराकडे सागाचे, आंब्याचे उरलेले तुकडे पडून असतात. त्यांचे दोन-दोन इंचांचे ठोकळे करून, कडा गोल घासून घेतले, तर जवळजवळ फुकटात वर्षानुवर्षं पुरणारं खेळणं तयार होतं. तुकडे प्लायवूडचे किंवा एमडीएफचे नसावेत. आकार लहानही करू नये, कारण सुमारे सव्वा इंच व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. लावायचंच असेल तर जवसाचं कच्चं तेल लावून बरेच दिवस सुकू द्यावं. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘बॉइल्ड’ तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, ते घेऊ नये. तेलाचं फडकं चुरगळून टाकलं तर आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते पसरून वाळवावं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय छाप सक्तीची झाली. नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. मग तपासणी न झालेलं हातकामाचं खेळणं विश्वासाने कसं द्यायचं? सूट देण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. घरच्या ओटीवर काम करणाऱ्याला प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही, आणि सक्ती केली असती तर कला मेली असती. पण सूट म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, हेही तितकंच खरं. माझ्या मते यातला मधला मार्ग म्हणजे राज्यांच्या हस्तकला महामंडळांनी कारागिरांना तपासलेला रंग आणि लाख पुरवावी. हजार कारागिरांची खेळणी तपासण्यापेक्षा त्यांना मिळणारा रंग मुळाशीच तपासणं कितीतरी सोपं आहे. तोवर तोंडात जाणाऱ्या वस्तूसाठी न रंगवलेलं लाकूड किंवा आयएसआय छाप, यांपैकी एक हवंच.

तिसरा आक्षेप असा की घरात आधीच असलेल्या प्लास्टिकचं काय करायचं? टणक प्लास्टिकचं, न तडकलेलं, रंग न उडालेलं खेळणं फेकून त्याजागी नवं लाकडी आणणं म्हणजे वर्षांच्या भागाकारात स्वतःच तोटा करून घेणं आहे. ते पुढच्या मुलाला द्यावं. अपवाद मऊ, चिकटसर होत चाललेल्या जुन्या पीव्हीसी खेळण्यांचा. त्यांना मऊपणा आणण्यासाठी घातलेले थॅलेट प्लास्टिकशी पक्के बांधलेले नसतात, हळूहळू बाहेर झिरपतात आणि शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. तोंडात घालणाऱ्या मुलापासून ती दूरच ठेवावीत.

८. आजीचा पाळणा

थर आणि आयुष्य हे दोन्ही प्रश्न एकदम समोर येतात ते माळ्यावरचा पाळणा खाली काढताना. तीन पिढ्यांनी वापरलेला सागवानी पाळणा ही भागाकाराने पाहिली तर घरातली सर्वांत हलकी वस्तू. पण त्यावरचा ऑइल पेंट २०१७ च्या आधीचा असेल तर त्यात शिसं असू शकतं, आणि असे पाळणे नवे करताना सर्वांत आधी होतं ते कोरडं घासकाम. त्यातून उडणारी धूळ टवक्यापेक्षा घातक, कारण ती खोलीभर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते. म्हणून हे काम बाळ आणि गरोदर बाई घरात नसताना, अंगणात किंवा गच्चीवर, पाणी मारत वॉटर पेपरने करावं. तोंडाला धुळीचा चांगला मास्क लावावा, खाली प्लास्टिक अंथरून सगळा गाळ गोळा करावा आणि तो ना मातीत टाकावा ना मोरीत, तर पिशवीत बांधून महापालिकेच्या घातक घरगुती कचऱ्यात द्यावा. लाकूड उघडं पडलं की दोन-तीन हात चपड्याचं पॉलिश द्यावं. स्पिरिट काही तासांत उडून जातं. तरी हवेशीर जागी आठवडाभर पाळणा तसाच राहू द्यावा, कड्या-साखळ्यांचा गंज आणि आकड्यांची झीज तपासून घ्यावी, आणि मगच बाळाला त्यात निजवावं.